सल्ला आणि थट्टा : एक छोटासा अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

प्रास्ताविक

माणूस माणसाला सल्ला देतो, आणि माणूस माणसाची थट्टाही करतो. या दोन्ही गोष्टी इतक्या नेहमीच्या आहेत की त्यांच्यावर लेख लिहावा असे सहसा कुणाला वाटणार नाही. मलाही वाटले नव्हते. परंतु या वर्षी समाजशास्त्राच्या तासाला ‘समूह’ हे प्रकरण चालू असताना सरांनी सांगितले, की आपल्या अवतीभवतीचा एखादा समूह निवडा, काही महिने तो नुसता पाहा आणि जे दिसले ते लिहून आणा. माझ्या मैत्रिणींनी भजनी मंडळ, बचत गट, गणेश मंडळ असे समूह निवडले. मी निवडला तो माझ्या वडिलांच्या मोबाईलमधला कांदा उत्पादकांचा व्हॉट्सॲप गट. त्यात मला जे आढळले त्याला थोड्या वाचनाची जोड देऊन ते येथे मांडत आहे. लेखात उणिवा असतील. गुरुजनांनी व वाचकमित्रांनी त्या सांभाळून घ्याव्यात.

आमचे गाव नाशिक जिल्ह्यात, लासलगावच्या बाजाराला कांदा नेणाऱ्या पट्ट्यात आहे. आजोबा दुसऱ्याच्या शेतावर सालगडी होते. वडिलांनी कष्टाने दीड एकर जमीन केली. त्यांना आम्ही आबा म्हणतो. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले, आईचे तेवढेही नाही. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आबांना अक्षरओळख आहे, पण मोबाईलवरचा मजकूर भराभर वाचता येत नाही. त्यामुळे रात्री जेवणे आटोपली की गटावरचा दिवसभराचा मजकूर मी त्यांना वाचून दाखवते. बोलून पाठवलेले निरोप तेवढे ते स्वतः ऐकतात. माझ्या अभ्यासाचे साधन म्हणजे हे रोजचे वाचन आणि त्याची मी ठेवलेली वही. मी आकडेमोड केलेली नाही; जे पुन्हा पुन्हा दिसले तेच लिहिले आहे.

गटावर काय नसते? आजचा भाव, उद्याचा पाऊस, उळे कधी टाकावे, करप्यावर कोणते औषध चालले, कुणाचा ट्रॅक्टर मोकळा आहे, असे सगळे असते. आणि या सगळ्याच्या आत, भाकरीच्या पिठात मीठ मिसळावे तशी थट्टा मिसळलेली असते. पहिले काही दिवस मी वहीत दोन रकाने केले होते, एक ‘उपयोगी सल्ला’ आणि दुसरा ‘वायफळ गप्पा’. पंधरा दिवसांत माझ्या लक्षात आले, की ही विभागणी चुकीची आहे. ती चुकीची का आहे, हेच या लेखात सांगायचे आहे.

एक प्रसंग

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या भागात अवकाळी पाऊस फार झाला. उन्हाळ कांदा काढून शेतात पडलेला होता. तो भिजू नये म्हणून आबांनी घाईघाईने चाळ भरली आणि वरून प्लॅस्टिकचा कागद अंथरला. खरे म्हणजे काढलेला कांदा पातीसकट तीन-चार दिवस शेतात सुकवावा, मग पात कापून काही दिवस सावलीत ठेवावा आणि त्यानंतरच तो चाळीत घालावा, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ढग डोक्यावर आल्यावर माहिती असलेली गोष्टही हातून होत नाही. जून उजाडला आणि चाळीतून वास येऊ लागला. आमच्या वर्षभराच्या घरखर्चाचा मोठा भाग त्या चाळीत होता, आणि त्यात माझ्या कॉलेजच्या फीचे पैसेही होते.

आबा मला म्हणाले, “तू शिकलेली आहेस, गटावर चांगलं लिही.” मी चांगलेच लिहिले. “सर्व मान्यवर शेतकरी बंधूंना सविनय विनंती, की आमच्या चाळीत साठवलेल्या कांद्यास दुर्गंधी येत असून कृपया त्यावर योग्य उपाय सुचवावा.” दुपार गेली, संध्याकाळ झाली. उत्तर आले ते एकच. “हे कोणत्या साहेबाचं पत्र आहे? शिक्का मारायचा राहिला.”

मला फार लागले. आबा मात्र हसले. त्यांनी माझ्या हातून मोबाईल घेतला, बटण दाबून धरले आणि बोलले, “मंडळी, माझा कांदा चाळीत बसून दारू पिऊ राहिला. वास सुटला पार रस्त्यापर्यंत. काय करू त्याचं?”

मग मात्र उत्तरांची रांग लागली. ज्यांना सगळे नाना म्हणतात ते म्हणाले, “दारू सोडवायची तर वारं पाज. वरचा कागद आज काढ, उद्या नको.” दुसरे म्हणाले, “बेवड्याच्या संगतीनं चांगली पोरं बिघडतात. सडका निवडून बाहेर काढ.” तिसऱ्यांनी विचारले, “चाळ रुंद किती भरली?” आबांनी साडेपाच फूट सांगताच ते म्हणाले, “लग्नाची पंगत बसवली का रे? मधल्याला वारं कुठून मिळणार? चार फुटांच्या पुढं जायचं नाही.” चौथ्यांनी सांगितले, “मऊ पडलेला गोल्टीच्या भावात काढून टाक. सोन्याचा भाव येईल म्हणून वाट बघू नको.”

त्याच रात्री कंदिलासारखा मोबाईल धरून आम्ही तिघांनी कागद काढला. पुढचे चार दिवस कांदा निवडला. सगळा वाचला नाही, पण बराच वाचला.

माझ्या शुद्ध मराठीतल्या विनंतीला जे मिळाले नाही, ते आबांच्या एका थट्टेला मिळाले. असे का झाले, हा प्रश्न मला पडला.

थट्टेच्या पायऱ्या

आपल्या भाषेत या प्रकारासाठी किती शब्द आहेत पाहा. थट्टा, मस्करी, चेष्टा, टिंगल, टवाळी, कुचेष्टा. हे सगळे एकाच अर्थाचे नाहीत. थट्टेत दोघेही हसतात. टिंगलीत एक हसतो आणि दुसरा ओशाळतो. टवाळीत हसणाऱ्यांचा घोळका असतो. कुचेष्टेत तर समोरच्याला दुखवण्याचाच हेतू असतो. म्हणजे थट्टा ही माणसाला जवळ ओढणारीही असू शकते आणि दूर लोटणारीही. या लेखात मी ‘थट्टा’ हा शब्द दोघेही हसतात त्या प्रकारासाठी वापरला आहे. कोण कुणाला हसू शकतो, या प्रश्नाकडे पुढे येईनच.

आबांच्या वाक्याकडे पुन्हा पाहू. भिजलेला कांदा चाळीत भरणे ही त्यांची चूक होती. ती सरळ सांगितली असती तर ऐकणाऱ्याने “एवढंही कळत नाही का?” असे म्हटले असते, आणि त्यावर उत्तर नव्हते. परंतु त्यांनी स्वतःच स्वतःच्या चुकीला आधी हसून घेतले, आणि आधीच हसलेल्या माणसाला कोण हसणार? शिवाय त्या एका वाक्यात सगळी माहितीही होती. वास सुटला आहे, तो आंबूस आहे आणि रस्त्यापर्यंत येण्याइतका आहे. माझ्या ‘दुर्गंधी’त यातले काहीच नव्हते.

सल्ला देणाऱ्याच्या बाजूनेही पाहावे. सल्ला देणारा नकळत वरच्या पायरीवर चढतो आणि घेणारा खालच्या पायरीवर राहतो. म्हणून तर ‘फुकटचा सल्ला’ हा शब्द आपण रागाने वापरतो. थट्टा देणाऱ्याला पुन्हा खाली आणते. “वारं पाज” म्हणणारे नाना गुरुजी होत नाहीत, ते गडीच राहतात. आणखी एक गोष्ट म्हणजे असा सल्ला लक्षात राहतो. चाळीच्या रुंदीचा आकडा कदाचित मी विसरेन. लग्नाची पंगत विसरणार नाही.

विद्वानांचे म्हणणे

ग्रंथालयात शोध घेतल्यावर कळले, की या साध्या गोष्टीवर मोठमोठ्या विद्वानांनी विचार केला आहे. मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये असे दाखवून दिले, की माणसांचे पुष्कळसे बोलणे माहिती देण्यासाठी नसतेच. ते एकमेकांशी नाते जोडलेले ठेवण्यासाठी असते. ‘रामराम’, ‘जेवण झालं का’, ‘काय म्हणतो पाऊस’ ही त्याची आपल्याकडची उदाहरणे होत. ‘जेवण झालं का’ असे विचारणाऱ्याला आपल्या ताटातला हिशेब नको असतो.

रॅडक्लिफ-ब्राऊन या दुसऱ्या अभ्यासकाने १९४० मध्ये थट्टेच्या नात्यांवर एक लेख लिहिला. काही समाजांत विशिष्ट नात्यातल्या माणसाने दुसऱ्याची थट्टा करायची आणि दुसऱ्याने राग मानायचा नाही, असा रिवाजच असतो, असे त्यांनी मांडले. आपल्याकडे भावजय आणि धाकटा दीर, किंवा मेहुणे-मेहुणे यांचे नाते असेच नाही का? उलट सासरा आणि सून यांच्यामध्ये थट्टा चालत नाही. रॅडक्लिफ-ब्राऊन यांचे म्हणणे असे, की जिथे जवळीकही असते आणि भांडणाची शक्यताही असते, तिथे थट्टा हा समतोल राखण्याचा मार्ग असतो. कांदा उत्पादकांच्या गटाला हे चांगले लागू पडते. तिथले सगळे एकमेकांचे मित्र आहेत आणि एकाच बाजारात माल नेणारे प्रतिस्पर्धीही आहेत. आपला हुकमी उपाय दुसऱ्याला सांगण्यात तोटा असूनही ते तो सांगतात.

तिसरे उदाहरण मला सर्वांत आवडले. ज्युलियन ऑर या अभ्यासकाने अमेरिकेत झेरॉक्स यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांबरोबर राहून अभ्यास केला. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. कंपनीने दुरुस्तीची छापील पुस्तके दिलेली होती. परंतु पुस्तकात नसलेला बिघाड आला की कारागीर न्याहारीला किंवा जेवणाला एकत्र बसत आणि आपापल्या फजितीचे किस्से सांगत. त्या किश्शांतच दुरुस्तीचे खरे ज्ञान साठवलेले होते. पुढे त्याच कंपनीत कारागिरांनी एकमेकांसाठी लिहिलेल्या युक्त्यांचा साठा संगणकावर केला गेला. त्यात प्रत्येक युक्तीबरोबर ती सांगणाऱ्याचे नाव राहत असे. कारागिरांना नावाचे मोल पैशापेक्षा अधिक वाटले.

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही आपली म्हण आहे. पण पुढच्याने आपल्याला ठेच लागली हे मोकळेपणाने सांगितले तरच मागचा शहाणा होणार. ते सांगण्याची लाज थट्टा घालवते.

रेडिओ मंडळांचा प्रयोग

शेतकऱ्यांनी एकत्र बसून ऐकावे आणि बोलावे, ही कल्पना आमच्या जिल्ह्याला नवी नाही. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग झाला. मूळ कल्पना कॅनडातली होती. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोता मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. तो गावकरी एकत्र बसून ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. पॉल न्यूरॅथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. ज्या गावांत मंडळ बसत होते तेथील लोकांच्या माहितीत चांगली वाढ झाली. ज्या गावांत नुसता रेडिओ होता, तिथे तेवढी वाढ झाली नाही.

याचा अर्थ मला असा वाटतो, की सल्ला नुसता कानावर पडून भागत नाही. तो माणसांच्या बोलण्यात घोळावा लागतो. शेतकऱ्यांसाठी सरकारने २००४ पासून किसान कॉल सेंटरची दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा उपयोग होतो. पण आबांना तिथे फोन लावायचा म्हणजे आधी घसा खाकरावा लागतो. दीडशे गावांतल्या त्या मंडळांत चर्चेबरोबर थट्टाही चालत असणार असा माझा तर्क आहे. बैठक म्हटली की ती आलीच.

खूण हरवली म्हणजे

थट्टेचे गुण गाताना तिचा धोका विसरून चालणार नाही. आमच्या गटावर एकदा फुलकिड्यांची चर्चा चालू होती. एकाने लिहिले, “देशीची बाटली फवार, किडे नाचत घरी जातील.” थोड्या वेळाने एका तरुण शेतकऱ्याने अगदी गंभीरपणे विचारले, “पंपाला किती टाकायची?” पिकावर देशी दारू फवारून पाहणारे शेतकरी खरोखरच आहेत, त्यामुळे त्याचे काही चुकले नव्हते. तेव्हा नानांनी सावरून घेतले. “अरे बाबा, ती थट्टा होती. औषध दुकानातलंच घे. कांद्याच्या पातीवर मेण असतं, पाणी घसरतं, म्हणून फवाऱ्यात चिकट द्रव घालायला विसरू नको.” पारावर ही वेळ आली नसती. तिथे बोलणाऱ्याचा डोळा मिचकलेला दिसतो.

मोबाईलच्याही पुष्कळ आधी हीच अडचण अमेरिकेतल्या पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात आली होती. तेथील लोक संगणकाच्या फलकावर एकमेकांसाठी मजकूर लिहीत. १९८२ मध्ये त्यावर एक कोडे चर्चेत आले. उद्वाहनाची दोरी तुटून ते खाली पडू लागले, तर आतली पेटती मेणबत्ती आणि जमिनीवरचा पाऱ्याचा थेंब यांचे काय होईल? त्यावर एकाने थट्टेने सूचना लिहिली, की प्रयोगामुळे एका उद्वाहनात पारा सांडला आहे आणि थोडी आगही लागून गेली आहे. ज्यांनी आधीची चर्चा वाचली नव्हती त्यांच्यापैकी काहींना ती सूचना खरी वाटली. मग थट्टेला काहीतरी खूण असावी अशी चर्चा झाली आणि १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन यांनी विसर्ग, आडवी रेघ आणि कंस यांचा आडवा हसरा चेहरा सुचवला. आज आपण बोटाच्या एका टिचकीने जे पिवळे हसरे तोंड पाठवतो, त्याचे हे पूर्वज म्हणता येतील. सल्ला आणि थट्टा यांची गल्लत होऊ नये, म्हणून तो चेहरा आला.

पण सर्व गैरसमज एका हसऱ्या चेहऱ्याने मिटत नाहीत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा त्या काळात मोबाईलवरून फिरत होत्या. ती थट्टा नव्हती. तरीही माझ्या विषयाशी तिचा संबंध आहे. सावधगिरीचा सल्ला म्हणून ती अफवा एकाकडून दुसऱ्याकडे जात होती, आणि मूळ बोलणारा कोण, त्याचा चेहरा कसा, हे कुणालाच ठाऊक नव्हते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या मजकुरावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे मजकूर पुढे पाठवण्यावर मर्यादा घालण्याचे जाहीर केले. नानांची थट्टा आणि ती अफवा यांत फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे. नाना चुकले तर दुसऱ्या दिवशी बाजारात त्यांना गाठता येते.

पाराखाली बसणारे

आता मघाच्या प्रश्नाकडे येते. कोण कुणाची थट्टा करू शकतो?

चाळीच्या त्या रात्री सर्वांत शेवटी एक निरोप आला होता. तो मुद्दाम मी वर सांगितला नाही. आजोबा ज्यांच्याकडे सालगडी होते, त्यांच्या मुलाचा तो होता. आज तेही पन्नाशीचे आहेत आणि आमच्या दसपट जमीन बाळगून आहेत. ते म्हणाले, “पुढच्या साली पात ठेवून वाळव, मान बोटभर राखून काप. आमचाही यंदा प्यायला लागलाय. दोघांना एकाच गाडीत लासलगावला धाडू.” आबा मोठ्याने हसले. त्यांनी उत्तर दिले, “धाडा, पण गाडी तुम्ही चालवा. माझा चढलाय.” त्यावरही तिकडून हसण्याचाच निरोप आला.

मग आबा बराच वेळ गप्प बसले. मी विचारले तेव्हा म्हणाले, “त्याच्या बापापुढं माझ्या बापानं कधी तोंड उघडलं नाही.” आजोबा पाराच्या खाली जमिनीवर बसत. वर चाललेल्या गप्पा त्यांना ऐकू येत, शेतीचे ज्ञानही मिळे, थट्टाही त्यांची होई. पण उलट थट्टा करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. आजोबांच्या वाट्याला सल्ला आणि टिंगल आली, थट्टा आली नाही. आबांच्या वाट्याला ती आली, म्हणून ते गप्प झाले होते. त्यांना मिळालेला सल्ला मोलाचा होताच. पण उलट बोलता आले आणि कुणी रागावले नाही, हे त्याहून मोठे होते असे मला वाटते.

परंतु हा नवा पारही सगळ्यांचा नाही. आमच्या गटात एकही बाई नाही. मी तिथे आहे, पण आबांच्या नावाने. कधी कधी असा मजकूर येतो की तो मी आबांना वाचून न दाखवता बोटाने वर सरकवून देते. तेही ‘पुढं काय?’ एवढेच विचारतात.

कांद्याची पात मात्र बायाच कापतात. काढणीच्या वेळी शेतात रांगेने बसलेल्या बायांच्या हातात विळे चालत असतात आणि तोंडही. कुणाच्या विळ्याला धार नाही, कुणाची सून हळू कापते, अंगठ्याला चिंधी कशी बांधावी, उन्हात डोके दुखले तर काय करावे, असे सल्ले आणि थट्टा तिथे एकमेकांत गुंफलेले असतात. हा गट कुणाच्या मोबाईलमध्ये नाही. “मान बोटभर राखून काप” हा निरोप मी वाचून दाखवला तेव्हा आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, “बोटभर म्हणजे कोणाचं बोट? त्याचं का माझं?” आणि तिने विळा न घेता नुसत्या बोटाच्या पेराने दाखवले, एवढे. पुस्तकात दोन ते अडीच सेंटीमीटर दिलेले आहे. मी पट्टीने मोजले. ते बरोबर निघाले.

नंतर मला आणखी एक आठवले. मे महिन्यात चाळ भरताना आई म्हणाली होती, “ओला आहे, कागद टाकू नका, आतल्या आत शिजेल.” ते तिने हसत नाही, काळजीने म्हटले होते. आबांनी ऐकले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही ऐकले नाही. जो सल्ला आम्ही जून महिन्यात गावभर मागितला, तो मे महिन्यात घरातच होता.

उपसंहार

या छोट्या अभ्यासातून मला जे वाटले ते थोडक्यात असे :

१. व्यवहारातला सल्ला आणि हलकीफुलकी थट्टा या वेगळ्या गोष्टी नाहीत. थट्टा ही सल्ला मागण्याची लाज आणि देण्याचा तोरा दोन्ही कमी करते.

२. थट्टा उपकारक ठरण्यासाठी बोलणारा कोण हे माहीत असावे लागते. नाव आणि चेहरा सुटला की थट्टेची गल्लत होते आणि सल्ल्याची अफवा होऊ शकते.

३. ज्याला उलट थट्टा करता येते, तोच त्या समूहाचा खरा सभासद असतो. इतर नुसते श्रोते असतात.

तिसरा मुद्दा लिहिताना मला आपले कॉलेज आठवले. तास संपताना प्राध्यापक विचारतात, “काही शंका?” आणि वर्ग गप्प असतो. ज्यांच्या घरी आधी कुणी शिकलेले आहे, ते शंका घरी विचारतात. आम्ही कुणाला विचारणार? पहिल्या वर्षी ‘एटीकेटी’ हा शब्द सतत कानावर येत असे. ती एखादी शिष्यवृत्ती असावी असे मला वाटत होते, आणि तिचा अर्ज कुठे मिळतो हे विचारायला मी सहा महिने धजले नाही. शेवटी तिसऱ्या वर्षातल्या एका ताईला विचारले. ती पोट धरून हसली आणि म्हणाली, “अर्ज लागत नाही गं, अभ्यास केला नाही की घरपोच मिळते!” मग तिने मला जवळ बसवून परीक्षेचे नियम, शिष्यवृत्तीच्या खऱ्या अर्जाची मुदत, ग्रंथालयातून जादा पुस्तक कसे मिळते, हे सगळे सांगितले. मीही तिला म्हटले, “ताई, तुम्हाला एवढी माहिती आहे म्हणजे घरपोच आलेली दिसते.” ती पुन्हा हसली. त्या दिवसापासून हे कॉलेज मला माझे वाटू लागले. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रके छापली जातात, ती हवीतच. पण प्रत्येक नव्या मुलामुलीला हसून उत्तर देणारी एखादी ताई किंवा दादा लाभला, तर अनेकांचे सहा महिने वाचतील.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो आबांना आणि आईला वाचून दाखवला. आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गटावर त्यांनी बोलून पाठवलेला निरोप मला ऐकू आला, “मंडळी, यंदा आमच्या चाळीची तारीख आणि रुंदी पोरीची आई ठरवणार.” अपेक्षेप्रमाणे थट्टेचा पाऊस पडला. सर्वांत शेवटी नानांचे उत्तर आले, “आमच्याकडं पहिल्यापासून तीच ठरवते. आम्ही फक्त गटावर सांगत नाही.”